चार उद्देश आणि एक गुणतक्ता : 'बहुउद्देशीय' संस्थेवर संशोधन करायचं तर प्रश्न कुठे शोधायचा?

आपल्याकडे कुठल्याही तालुक्याच्या गावात एक चक्कर मारा. 'अमुकतमुक शैक्षणिक, सामाजिक, क्रीडा व पर्यावरण बहुउद्देशीय संस्था' अशी एखादी पाटी दिसतेच. नोंदणीच्या वेळी घटनेत उद्देशांची लांबलचक यादी टाकलेली असते. शाळा काढणे, शिवणवर्ग चालवणे, स्पर्धा भरवणे, झाडे लावणे, सगळं. उद्या एखादं काम हाती घ्यायचं ठरलं तर ते आपल्या उद्देशात बसलं पाहिजे, एवढाच त्यामागचा व्यवहारी विचार असतो. त्यात वावगं काही नाही.

अडचण सुरू होते ती आपण संशोधक म्हणून तिथे पोचतो तेव्हा. एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी किंवा पीएच.डी.च्या आराखड्यासाठी अशी संस्था निवडली की प्रकरणं आपोआप पडतात. तिसरं प्रकरण शिक्षण, चौथं उपजीविका, पाचवं क्रीडा, सहावं पर्यावरण. शेवटी 'निष्कर्ष व शिफारशी'. आराखडा मंजूरही होतो. पण हाती जे येतं तो संस्थेचाच वार्षिक अहवाल असतो, फक्त आता त्याला तळटीपा असतात.

मला वाटतं अशा संस्थेबद्दल पहिला प्रश्न वेगळा विचारायला हवा. ही चार कामं एकमेकांना बांधलेली आहेत का? आणि असतील, तर नेमकी कुठल्या गाठीने? गाठ सापडली तर संशोधनाचा प्रश्न सापडला. नाही सापडली तर ती एक संस्था नाही, एका पाटीखाली चाललेले चार उपक्रम आहेत. तोही निष्कर्षच, आणि चांगला निष्कर्ष.

ही गाठ फार स्पष्ट दिसते असं एक उदाहरण केनियात आहे. नैरोबी शहरात माथारे नदीच्या काठाने पसरलेली मोठी झोपडपट्टी आहे, तिलाही माथारेच म्हणतात. पत्र्याची घरं, उघडी गटारं, त्यात तुंबलेला कचरा. मुंबई-पुण्यातल्या वाचकाला याचं चित्र उभं करून सांगायला नको. तिथली पोरं प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा गोळा करून त्यावर सुतळी गुंडाळतात आणि त्याचा फुटबॉल करतात. त्याला तिकडे 'जुआला' म्हणतात. 1987 साली बॉब मन्रो या कॅनडाच्या गृहस्थांनी या मुलांना घेऊन 'माथारे यूथ स्पोर्ट्स असोसिएशन' सुरू केली. मन्रो तेव्हा पर्यावरण आणि विकास या विषयांवर संयुक्त राष्ट्रांचे सल्लागार म्हणून काम करत होते. संस्थेच्या नावाचा लघुरूप उच्चार 'मायसा'. पुढे तेच नाव रूढ झालं.

सुरुवातीचा सौदा साधा होता. तुम्ही वस्ती साफ करा, आम्ही सामने भरवतो. या सौद्याचं पुढे नियमात रूपांतर झालं आणि तो नियमच या लेखाचा विषय आहे. मायसाच्या लीगमध्ये संघाला गुण केवळ सामना जिंकून मिळत नाहीत. ठरलेल्या दिवशी संघाने आपल्या भागातली गटारं उपसली, कचरा उचलला, तर त्याचेही गुण लीगच्या तक्त्यात जमा होतात. सफाईची एक फेरी पूर्ण केली की 6 गुण. सामना जिंकल्यावर मिळतात त्यापेक्षा जास्त. म्हणजे मैदानावर मार खाणारा संघ गटार उपसून तक्त्यात वर येऊ शकतो, आणि भारी संघ सफाईला दांडी मारून खाली घसरू शकतो.

आता पुढचं बघा. मैदानावर पंचाच्या खिशात पिवळं आणि लाल कार्ड असतंच, पण मायसाच्या पंचाकडे हिरवं कार्डही असतं. ते सगळ्यात खिलाडूपणे खेळणाऱ्याला द्यायचं. त्याचे गुण त्या खेळाडूच्या नावावर जमा होतात. पंचगिरी करणं, धाकट्यांना शिकवणं, सफाईत पुढाकार घेणं, या कामांचेही गुण मिळतात. वर्षाच्या शेवटी ज्यांचे गुण जास्त त्यांना नेतृत्वासाठीची शिष्यवृत्ती मिळते. ती मुलाच्या हातात रोख दिली जात नाही, शाळेच्या फीसाठी थेट शाळेत भरली जाते. उलट बाजूने, लाल कार्ड मिळालेल्या खेळाडूला परत मैदानात येण्याआधी लहान मुलांच्या सामन्यांत पंच म्हणून उभं राहावं लागतं. (शिक्षा म्हणून पंच करणं ही कल्पना मला फार आवडते. शिव्या देणाऱ्याला शिव्या खायला उभं करायचं!)

म्हणजे पर्यावरण, क्रीडा आणि शिक्षण या इथे तीन विभागांच्या तीन फायली नाहीत. गुण नावाचं एक चलन आहे आणि ते या तिन्ही ठिकाणी चालतं. कचऱ्याचं लीगमधल्या जागेत रूपांतर होतं, वागणुकीचं शाळेच्या फीमध्ये. 'खेळाचा शिक्षणावर परिणाम' असा विषय घेऊन तुम्ही तिथे गेलात तर ही यंत्रणा तुमच्या हातून निसटणार, कारण परिणाम खेळाचा नाहीच, देवाणघेवाणीच्या नियमाचा आहे.

इथे थोडा सिद्धांत. मॅन्कर ओल्सन या अर्थशास्त्रज्ञाचं 'द लॉजिक ऑफ कलेक्टिव्ह अ‍ॅक्शन' हे पुस्तक 1965 साली आलं. त्यातला मुद्दा असा की फायदा सगळ्यांचा असला म्हणून सगळे मिळून काम करतीलच असं नाही. गटार साफ झालं की गल्लीतल्या प्रत्येकाला फायदा, काम केलं त्यालाही आणि घरी बसला त्यालाही. मग शहाणा माणूस घरी बसतो. सगळेच शहाणे असले की गटार तुंबलेलंच राहतं. ओल्सनच्या मते यातून सुटायच्या वाटा दोन. एक तर गट इतका लहान हवा की कोण आलं नाही ते लगेच कळेल, किंवा काम करणाऱ्यालाच मिळेल आणि इतरांना मिळणार नाही असं काहीतरी हवं. याला तो निवडक प्रलोभन म्हणतो.

माथारेच्या नियमात या दोन्ही वाटा एकत्र आल्या आहेत. संघ लहान असतो, गोलकीपर आला नाही हे लपत नाही. आणि लीगचे गुण सफाई करणाऱ्या संघालाच मिळतात, गल्लीला नाही. माझ्या मते मायसाची खरी कल्पकता फुटबॉल शिकवण्यात नाही, ती इथे आहे. मुलांना जे मनापासून हवं होतं, म्हणजे नीट भरवलेले सामने, पंच, तक्ता, तेच प्रलोभन म्हणून वापरलं. पैसे वाटावे लागले नाहीत.

पण याच जागी दुसरा सिद्धांत उलटा प्रश्न विचारतो. उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्टिचिनी यांचा 2000 साली प्रसिद्ध झालेला एक निबंध अर्थशास्त्राच्या वर्गात नेहमी शिकवतात. इस्रायलमधल्या काही पाळणाघरांत मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशीर कमी न होता वाढला. दंड बंद केल्यावरही तो पूर्वीच्या पातळीवर आला नाही. आधी लाज वाटायची, आता त्याचा दर ठरला होता. मग माथारेतही असं होत असेल का? गुण मिळतात म्हणूनच सफाई करायची, अशी सवय लागली तर लीग बंद असते त्या महिन्यांत गटारं कोण उपसतं?

बघा, हा संशोधनाचा प्रश्न झाला. तो तपासता येतो. लीग चालू असतानाची आणि नसतानाची सफाई मोजायची, लीगमधून बाहेर पडलेले संघ पुढे सफाईला येतात का ते बघायचं. 'क्रीडा व पर्यावरण : एक अभ्यास' या शीर्षकाखाली असा प्रश्न कधीच सुचला नसता.

उपजीविकेचं काय? इथे मात्र जपून. 1994 साली संस्थेतूनच माथारे युनायटेड हा क्लब उभा राहिला. 2008 मध्ये तो केनियाच्या प्रीमियर लीगचा विजेता झाला. त्यातून राष्ट्रीय संघात खेळाडू गेले, डेनिस ओलिएचसारखा खेळाडू युरोपात खेळला. संस्थेतले कर्मचारी आणि प्रशिक्षकही बरेचसे वस्तीतल्याच स्वयंसेवकांतून आले. हे सगळं खरं. पण हजारो मुलं लीगमध्ये खेळतात आणि पगारी खेळाडूंची संख्या एका क्लबात मावते एवढीच. सफाई आणि शाळेची फी यांच्यातली वाट रुंद आहे, फुटबॉल आणि पगार यांच्यातली अगदी अरुंद. चार उद्देश पाटीवर एकाच मापाच्या अक्षरांत लिहिलेले असतात, म्हणून ते प्रत्यक्षातही सारखेच असतील असं धरून चालू नका.

क्रीडा आणि विकास या क्षेत्रातले अभ्यासक फ्रेड कोल्टर यांनी नेमक्या याच सवयीवर टीका केली आहे. एखाद्या मुलाचं आयुष्य बदललं म्हणून वस्ती बदलली असं म्हणता येत नाही, पण अहवालांमध्ये ही उडी सहज मारली जाते. कोल्टर आणखी एक उपयोगी भेद करतात. काही संस्थांमध्ये खेळ हा गाभा असतो आणि बाकीची कामं त्याला जोडलेली असतात. काहींमध्ये सामाजिक काम गाभ्याला असतं आणि खेळ मुलांना गोळा करण्यापुरता. मायसा पहिल्या प्रकारातली. त्यांनी मूल्यमापनाची जी पुस्तिका तयार केली तिच्यात मायसाबरोबर मुंबईत 1999 साली सुरू झालेल्या 'मॅजिक बस'चाही सहभाग होता. नागपूरची 'स्लम सॉकर' 'झुंड'मुळे आपल्याला माहीत आहेच. या दोन्ही संस्था कुठल्या प्रकारात बसतात, हे ज्यांना इथेच क्षेत्रकाम करायचंय त्यांनी स्वतः ठरवून बघावं. चांगला सराव आहे.

आता मुलींकडे येऊ, कारण नियम सर्वांना सारखा असला तरी तो सर्वांना सारखा परवडत नाही. मायसात मुलींचे संघ मागाहून, 1990च्या दशकात आले. पॉप्युलेशन कौन्सिलच्या मार्था ब्रॅडी आणि अर्जमंद बानू खान यांनी 2002 मध्ये या मुलींच्या फुटबॉलवर अभ्यास प्रसिद्ध केला. त्याचा रोख गोलांवर नव्हता. वस्तीतल्या मोकळ्या जागा कोणाच्या असतात, मुलीला घराबाहेर पडायची मुभा कोण देतं, धाकट्या भावंडांना सांभाळणं आणि घरकाम यातून वेळ कसा काढायचा, हे त्यातले प्रश्न होते. गुणांचं चलन कमवायला मोकळा वेळ लागतो. मुलाच्या शनिवारी सफाई आणि सामना दोन्ही बसतात. मुलीच्या शनिवारी आधी घरचं पाणी आणि धुणं बसतं. म्हणून 'शिष्यवृत्ती किती मुलींना मिळाली' हा आकडा एकटा पुरेसा नाही. एक गुण कमवायला मुलीला काय सोडावं लागलं, हे विचारायला हवं.

आणि एक अवघड प्रश्न, ज्याला बगल देऊ नये. कचरा उचलणं हे नगरपालिकेचं काम. श्रीमंत उपनगरातली मुलं गटार न उपसता फुटबॉल खेळतात. मग गरीब मुलांकडूनच खेळाच्या बदल्यात श्रम का घ्यायचे? यावर संस्थेची बाजू अशी मांडता येते की फुकट मिळालेल्या गोष्टीपेक्षा कमावलेल्या गोष्टीत मान असतो, आणि पालिकेची वाट बघण्यात मुलं आजारी पडतात. हे उत्तर मला बरंचसं पटतं, पूर्ण नाही. कारण काम मुलं करताहेत म्हटल्यावर पालिकेवरचा दबाव वाढला की कमी झाला, हे तत्त्वचर्चेने ठरत नाही. ते पालिकेच्या दफ्तरात आणि वस्तीत बसून शोधावं लागतं. कोणीतरी हाच विषय घ्यावा असं मला फार वाटतं.

पद्धतीबद्दल थोडंच सांगतो. अशा संस्थेत गेलात की तुम्हाला भेटवली जातात ती टिकलेली मुलं. कर्णधार, प्रशिक्षक, शिष्यवृत्ती मिळालेली मुलगी. त्यांच्या मुलाखती छान होतात. पण पहिल्याच वर्षी सोडून गेलेला मुलगा त्या खोलीत नसतो, आणि आधीपासूनच धडपड्या असलेला मुलगा संस्थेत जास्त करून येतो. या दोन्हींमुळे संस्थेचा परिणाम आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. पॉसन आणि टिली यांचं 1997 सालचं 'रिअ‍ॅलिस्टिक इव्हॅल्युएशन' इथे कामाला येतं. उपक्रम 'यशस्वी झाला का' असं न विचारता कोणासाठी, कुठल्या परिस्थितीत, कशामुळे चालला असं विचारा, असा त्यांचा आग्रह आहे. आपल्या वरच्या प्रश्नांना हे नीट लागू पडतं.

म्हणून पहिल्या भेटीत अहवाल मागू नका, तो मिळणारच आहे. जुनी रजिस्टरं मागा. लीगचे तक्ते, हजेरीवह्या, सफाईच्या दिवसाच्या नोंदी, गुणांची वही, जे काही असेल ते. देणगीदारासाठी लिहिलेला कागद आणि पंचाने मैदानाच्या कडेला उभं राहून लिहिलेला कागद यांत फरक असतो. नावं खोडलेली असतील तर ती कोणाची आणि कधी खोडली ते विचारा, आणि त्या मुलांचा पत्ता लागतो का बघा. आणि गुण, शिक्के, हजेरी असं एका कामातून दुसऱ्या कामात जाणारं चलनच त्या संस्थेत नसेल, तर आराखड्यात चारांपैकी एकच काम ठेवा. गाईडना हे पटवायला थोडा वेळ लागतो, तेवढा धरून चाला.