९२ म्हणजे काय?

समजा, जपानी शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने आपल्या विंडोज संगणकाची भाषा जपानी केली. पडद्यावर जपानी अक्षरे आली. त्याने हौसेने एका फोल्डरला 'सोफुतो' असे जपानी नाव दिले. (सॉफ्टवेअरला जपानीत असेच म्हणतात.) पण त्या फोल्डरमधली फाइल उघडायला गेले, की एक जुना प्रोग्राम बंद पडू लागला. इतर फोल्डरमधल्या फाइली मात्र व्यवस्थित उघडत होत्या. असे का व्हावे?

संगणकाला अक्षरे कळत नाहीत, आकडे कळतात. कोणत्या आकड्याला कोणते अक्षर म्हणायचे हे आधी ठरवावे लागते. इंग्रजीसाठीच्या 'आस्की' तक्त्यात ६५ म्हणजे मोठा 'ए' आणि ९२ म्हणजे उलटी तिरकी रेघ. विंडोजमध्ये दोन फोल्डरांची नावे वेगळी करायला हीच रेघ वापरतात.

एका बाइटमध्ये ० ते २५५ असे २५६ आकडे मावतात. इंग्रजीला तेवढे पुरतात. जपानी मुलांना मात्र शाळेतच २,१३६ कांजी चिन्हे शिकावी लागतात. म्हणून 'शिफ्ट-जिस' नावाच्या पद्धतीत बहुतेक जपानी अक्षरांना दोन-दोन बाइट दिले. पहिला बाइट सांगतो, "माझ्या पुढचाही माझ्यासोबत वाचा." अडचण अशी, की हा पुढचा बाइट आस्कीमधला एखादा आकडाही असू शकतो.

'सोफुतो'मधल्या 'सो'चे आकडे आहेत १३१ आणि ९२. जपानी लक्षात घेऊन लिहिलेला प्रोग्राम ही जोडी एकत्र वाचतो. एकेक बाइट सुटा वाचणाऱ्या प्रोग्रामला मात्र ९२ दिसताच वाटते, फोल्डरचे नाव संपले! मग तो अस्तित्वातच नसलेला फोल्डर शोधतो. अशा वेळी काय करायचे हे लिहिणाऱ्याने सांगितलेले नसेल, तर तो कोसळतो. अशा त्रासदायक अक्षरांना जपानी प्रोग्रामर 'दामे-मोजि', म्हणजे निकामी अक्षरे म्हणतात. दोष अर्थात अक्षरांचा नाही.

केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली आखलेल्या 'यूटीएफ-८' पद्धतीत हा गोंधळ टळतो. तिथे आस्कीबाहेरच्या अक्षराचा प्रत्येक बाइट १२८ किंवा त्याहून मोठा असतो. आपला 'क' पाहा : २२४, १६४, १४९. त्यामुळे ९२ दिसला तर ती रेघच.

मग असा बिघाड कसा शोधायचा? आधी लक्षणे पाहावीत. अक्षरांऐवजी चौकोन दिसले, तर बहुधा फॉन्ट नाही. भलतीच अक्षरे दिसली, तर तक्ता चुकला आहे; अशी फाइल तशीच सेव्ह करू नये, मूळ मजकूर कायमचा जाऊ शकतो. एखादा जुना प्रोग्रामच कोसळत असेल, तर फोल्डरला साधे इंग्रजी नाव देऊन पाहावे. तरीही भागले नाही, तर 'युनिकोड नसलेल्या प्रोग्रामांची भाषा' पूर्ववत करून संगणक पुन्हा सुरू करावा. पडद्यावरची भाषा ठरवणारी निवड वेगळी असते. ती जपानीच राहू शकते.

वर्गात हे करून पाहता येईल. फळ्यावर १३१, ९२ लिहा. निम्म्या मुलांना आकडे सुटे वाचायला सांगा, निम्म्यांना जोडीने. दोन्ही गट आपापल्या नियमाने बरोबरच वाचतील, तरी उत्तरे वेगळी येतील. आकड्याला अर्थ नियमामुळे येतो, हे मुलांना आपोआप उमगेल.