सहाध्यापन : दोन शिक्षक आणि एक वेळापत्रक

एका वर्गात एकाच वेळी दोन शिक्षक आणि सर्व विद्यार्थ्यांची दोघांवर सारखीच जबाबदारी, ही सहाध्यापनाची कल्पना अमेरिकेतील माध्यमिक शाळांत रुजली ती बव्हंशी कायद्याच्या रेट्याने. १९७५ च्या केंद्रीय कायद्याने अपंगत्व असलेल्या मुलांना शक्य तेथवर इतरांबरोबरच शिकविण्याचे बंधन घातले. पुढे २००२ मध्ये अमलात आलेल्या कायद्याने प्रमुख विषयांच्या शिक्षकांकडून त्या त्या विषयातील पात्रता मागितली. बीजगणिताची पदवी नसलेल्या विशेष शिक्षकाला विषयशिक्षकाच्या जोडीला बसविणे हा त्यावरचा सोपा तोडगा ठरला. ती अट २०१५ नंतर गेली, जोडी राहिली.

स्क्रग्ज, मॅस्ट्रोपिएरी व मॅकडफी यांनी २००७ मध्ये अशा ३२ गुणात्मक अभ्यासांचा एकत्रित परामर्श घेतला. शिक्षक आणि प्रशासक दोघेही या पद्धतीला अनुकूल असल्याचे त्यांना आढळले. परंतु या अनुकूलतेचा अर्थ दोघांच्या लेखी एकच आहे, असे मानणे भाबडेपणाचे होईल. प्रशासकाला सहाध्यापन प्रथम दिसते ते वेळापत्रकात आणि कायद्याच्या पूर्ततेत. शिक्षकापुढे वेगळाच प्रश्न असतो : हा वर्ग कोणाचा?

माध्यमिक शाळेत अधिकार विषयज्ञानातून येतो. त्यामुळे विषयशिक्षक फळ्यापाशी उभा राहतो आणि विशेष शिक्षक बाकांमधून फिरत हलक्या आवाजात शंका सोडवितो. मॅरिलिन फ्रेंड आणि लिन कुक यांच्या मांडणीत सहाध्यापनाचे सहा प्रकार आहेत. प्रत्यक्षात वरचढ ठरला तो हाच, एकाने शिकवावे व दुसऱ्याने साहाय्य करावे, हा. नाव सहाध्यापनाचे, व्यवहार साहाय्यकाचा!

शिक्षक या नात्याला विवाहाची उपमा देतात आणि जोडीदार स्वेच्छेने मिळावा असे म्हणतात. उपमा पुढे न्यायची तर प्रशासक हा सोयरीक जुळविणारा. पण बोलणी करावयास उसंत देणे त्याच्याच हाती असते, हे तो पुष्कळदा विसरतो. दोघांना एकच मोकळी तासिका नसेल तर पाठाचे नियोजन व्हरांड्यात, जाता जाता उरकते. शिक्षकांनी सांगितलेल्या गरजांत या वेळेची आणि प्रशिक्षणाची गणना होते, आणि त्यांपैकी बहुतेक गरजा प्रशासनाच्या पाठबळावर अवलंबून आहेत.

याची किंमत मोजतो तो विद्यार्थी. ज्यांसाठी विशेष शिक्षक वर्गात आला, त्या स्मरणयुक्त्या, अध्ययनाची तंत्रे, सहाध्यायांच्या मदतीने शिकणे या पद्धती त्या ३२ अभ्यासांतील वर्गांत क्वचितच दिसल्या. शिकविणे बहुधा पूर्वीसारखेच चालू होते, सगळ्या वर्गाला एकदम.