कार्डाचं कर्ज, सिनेमाचं तिकीट आणि एकादशीची बारस

क्रेडिट कार्डाचं कर्ज फेडायला बसलं की पहिली कुऱ्हाड कशावर पडते? सिनेमावर, ओटीटीवर, टीव्हीच्या रिचार्जवर. घरभाडं कमी होत नाही, गावी पाठवायचे पैसे थांबवता येत नाहीत, पोरांची फी तर नाहीच नाही. मग उरते ती ‘चैन’. घरात जाहीर होतं, कर्ज फिटेपर्यंत सिनेमा बंद.

माझा पीएचडीचा विषय कुटुंबांची कर्जं आणि खर्चाचे निर्णय हा आहे. आळंदीत राहून चाकण-भोसरीला कंपनीत जाणारे ओळखीचे लोक मला जे प्रश्न विचारतात, त्यांत हा हमखास असतो: कर्ज असताना सिनेमा बघणं चुकीचं आहे का? संशोधन वाचून माझं जे उत्तर तयार झालंय, ते आधीच सांगतो. करमणूक पूर्ण बंद करू नका. पण तिची रक्कम ठरवा, तारीख ठरवा, आणि ती कार्डावर टाकू नका. या तिन्ही अटी का, ते आता बघू.

आधी हिशोब

एक काल्पनिक कुटुंब घेऊ. चाकणला नोकरी, आळंदीत भाड्याच्या दोन खोल्या, कार्डावर ६०,००० रुपये थकलेले. आपल्याकडे कार्डाचा व्याजदर महिन्याला ३.५ टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे पहिल्याच महिन्यात २,१०० रुपये व्याज आणि ३७८ रुपये जीएसटी, एकूण २,४७८ रुपये.

स्टेटमेंटवर ‘किमान देय रक्कम’ लिहिलेली असते. प्रत्येक बँकेचं सूत्र वेगळं. आपण ५ टक्के धरू. ६०,००० चे ५ टक्के म्हणजे ३,०००. त्यातले २,४७८ व्याज-जीएसटीत गेले, मुद्दलात जमा झाले फक्त ५२२. असंच वर्षभर किमान रक्कम भरत राहिलात, तर खिशातून जातील सुमारे ३४,३०० रुपये आणि कर्ज कमी होईल सुमारे ६,०००. हे कार्डावर एक रुपयाचीही नवी खरेदी केली नाही तर, बरं का.

किमान रकमेचा आकडा डोळ्यांसमोर असणं हेही एक प्रकरण आहे. इंग्लंडमधल्या वॉरिक विद्यापीठाचे नील स्ट्युअर्ट यांनी २००९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना कार्डाचं एकसारखंच बिल दाखवून ‘यातले किती भराल?’ असं विचारलं. काहींच्या बिलावर किमान रक्कम छापलेली होती, काहींच्या नव्हती. पूर्ण बिल न भरणाऱ्यांपैकी ज्यांना किमान आकडा दिसला, त्यांनी सरासरी २३ टक्के भरायची तयारी दाखवली. ज्यांना दिसला नाही, त्यांनी ४० टक्के. तो छोटा आकडा मनाला खाली ओढतो. म्हणून पहिली गोष्ट: दरमहा किती भरायचं ते स्टेटमेंट येण्याआधीच ठरवा, स्टेटमेंट बघून नको.

कार्ड हातात असलं की तिकीट स्वस्त वाटतं

ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांचा २००१ चा एक प्रयोग या विषयात वारंवार सांगितला जातो. अमेरिकेतल्या एमआयटीच्या व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांमध्ये बास्केटबॉलच्या सामन्याच्या तिकिटांचा लिलाव केला. निम्म्यांना सांगितलं की पैसे रोख द्यायचे, निम्म्यांना सांगितलं की कार्डावर द्यायचे. तिकिटं खरी, बोली खरी. कार्डवाल्यांची बोली रोखवाल्यांच्या जवळपास दुप्पट गेली. तिकीट तेच, सामना तोच. फक्त पैसे देण्याचा मार्ग वेगळा.

याच प्रेलेक यांनी जॉर्ज लोवेनस्टीन यांच्याबरोबर १९९८ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. लोकांना विचारलं, सहलीचा खर्च सहा हप्त्यांत भरायचाय, सहलीच्या आधी भराल की नंतर? बहुतेक म्हणाले, आधी. आणि कपडे धुवायचं-वाळवायचं यंत्र घ्यायचं असेल तर? बहुतेक म्हणाले, नंतर. यंत्र वर्षानुवर्षं कामाला येतं, त्यामुळे त्याचा हप्ता वापरता वापरता भरणं जड जात नाही. पण सहल, सिनेमा, नाटक हे भोगून संपतं. संपलेल्या सुखाचा हप्ता भरताना जीव चुरचुरतो. आणि मागचं देणं डोक्यात असेल तर सिनेमा बघतानाच त्याची गोडी कमी होते.

यात दोन्हीकडून नुकसान आहे हे लक्षात घ्या. कार्डावर करमणूक केली की खर्च जास्त होतो आणि मजा कमी येते. आधी बाजूला काढलेल्या पैशात केली की खर्च कमी आणि मजा पुरती.

त्यात आपल्याकडे आणखी एक खाच आहे, जी बऱ्याच जणांना माहीत नसते. मागचं बिल पूर्ण भरलेलं नसेल, तर बिनव्याजी मुदत मिळत नाही. म्हणजे थकबाकी असताना कार्डावर काढलेल्या ३०० रुपयांच्या तिकिटावर त्याच दिवसापासून व्याज चालू. ‘बिल आल्यावर भरू’ हा हिशोब थकबाकीवाल्याला लागू होत नाही.

‘एकादशी अन् दुप्पट खाशी’

मग करमणूक सरळ बंदच का करू नये? इथे आपली जुनी म्हण मदतीला येते.

१९७५ मध्ये पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी काही विद्यार्थिनींना ‘चवीची चाचणी’ म्हणून बोलावलं. काहींना आधी मिल्कशेक दिला, काहींना नाही. मग सगळ्यांसमोर आइस्क्रीम ठेवलं आणि चव सांगा, हवं तेवढं खा, असं सांगितलं. ज्या एरवी खाण्यावर बंधन ठेवत नव्हत्या, त्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम कमी खाल्लं. पोट भरलेलं होतं, साहजिकच. पण ज्या कडक डाएटवर होत्या, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम उलट जास्त खाल्लं. नियम मोडलाच आहे, तर आता कशाला थांबायचं!

खर्चात हेच होताना तुम्ही पाहिलं असेल. तीन महिने काही बघितलं नाही. चौथ्या महिन्यात ओटीचे पैसे आले, पाहुणे आले, किंवा नुसताच वैताग आला. मग सिनेमा, बाहेर जेवण, वर्षाचं ओटीटी, आणि ‘आता घेतोच आहे तर’ म्हणून टीव्हीसुद्धा. ओटी गेली ओटीटीत आणि वरचं कार्डावर.

याला उपाय काय? रिटा कोएल्यो दो व्हाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ठरवून दिलेल्या सवलतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटाला आठवड्याचे सातही दिवस १,५०० कॅलरी. दुसऱ्याला सहा दिवस १,३०० आणि एक दिवस २,७००. गुणाकार करून बघा: दोन्हीकडे आठवड्याचे १०,५००. वजन दोन्ही गटांचं सारखंच उतरलं, पण ज्यांना एक मोकळा दिवस आधीपासून माहीत होता, त्यांचा उत्साह जास्त टिकला.

हा प्रयोग आहाराचा आहे, कर्जाचा नाही. तो जसाच्या तसा कार्डाला चिकटवणं बरोबर नाही. पण त्यातली कल्पना आळंदीकराला नवी वाटू नये. कार्तिक वद्य एकादशीला इथे लाखो माणसं उपवास धरतात, आणि दुसऱ्या दिवशी बारस सोडतात. उपवास कधी सुटणार हे धरतानाच माहीत असतं. द्वादशीला जेवलं म्हणून कुणी म्हणत नाही की व्रत मोडलं. ते व्रताचाच भाग असतं. अडचण सिनेमा बघण्यात नाही. ज्या व्रताला बारसच ठेवलेली नाही, त्यात आहे.

बारसेची किंमत किती?

भावनेचं झालं, आता पुन्हा त्या ६०,००० रुपयांकडे येऊ. तेच कुटुंब, तोच व्याजदर. कर्जासाठी महिन्याला ६,००० बाजूला निघतात असं धरू.

पहिला मार्ग: करमणूक शून्य, सगळे ६,००० कार्डाला. कर्ज १४ व्या महिन्यात फिटतं. व्याज आणि जीएसटी मिळून जातात सुमारे १९,००० रुपये.

दुसरा मार्ग: महिन्याला ६०० रुपये करमणुकीला, ५,४०० कार्डाला. कर्ज १६ व्या महिन्यात फिटतं. व्याज सुमारे २२,०००.

तिसरा मार्ग: करमणूक शून्य असं ठरवलं, चार महिने पाळलं, मग एकदाच ९,००० रुपये कार्डावर उडाले, आणि पुन्हा ६,००० भरणं चालू. कर्ज फिटतं १६ व्या महिन्यातच, पण व्याज जातं सुमारे २४,०००.

दुसऱ्या आणि तिसऱ्या मार्गात करमणुकीवर झालेला खर्च जवळपास सारखाच आहे: १५ महिन्यांचे सहाशे-सहाशे म्हणजे ९,०००. फरक इतकाच की एकीकडे तो थोडाथोडा आणि रोखीने झाला, दुसरीकडे एकदम आणि उधारीने.

कागदावर पहिला मार्गच सगळ्यात स्वस्त आहे, यात शंका नाही. तुम्हाला चौदा महिने खरंच पाळता येत असेल तर तोच घ्या. नाहीतर दोन महिने आणि सुमारे तीन हजार रुपये ही निश्चय टिकवण्याची फी समजा. एकदा घसरण्यापेक्षा ती स्वस्त पडते. आणि दुसऱ्यांदा घसरलात तर तिसऱ्या मार्गाचा हिशोब आणखी बिघडतो.

मग करायचं काय?

पगार झाला त्याच दिवशी कार्डाची ठरलेली रक्कम भरून टाका. देय तारखेची वाट बघू नका. व्याज दिवसावर चालतं. पैसे लवकर गेले तर व्याजही थोडं वाचतं.

करमणुकीचे पैसेही त्याच दिवशी वेगळे काढा. पाकिटात रोख ठेवा, नाहीतर दुसऱ्या बँक खात्यात. यूपीआय वापरत असाल तर एकदा तपासा: २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. आपण समजतो खात्यातून गेले, आणि गेलेले असतात कार्डातून.

ओटीटी एका वेळी एकच ठेवा. आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांसाठी रिझर्व्ह बँकेचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहेत. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी तुम्हाला संदेश यायला हवा आणि तो व्यवहार नाकारायची सोयही हवी. तो संदेश वाचून पुसून टाकू नका. महिन्याचा निर्णय घ्यायची तीच वेळ. या महिन्यात एक, पुढच्या महिन्यात दुसरं, असं फिरवत राहिलं तर काही चुकत नाही. मालिका पळून जात नाहीत.

फुकटातलं आधी वापरा. डीडी फ्री डिशला मासिक शुल्क नाही. एकदा छत्री बसवली की झालं, सह्याद्री वाहिनीही त्यावर दिसते. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वेव्ह्ज’ नावाचं ओटीटी सुरू केलंय, त्यावर दूरदर्शनच्या जुन्या मालिका आहेत. थिएटरलाच जायचं असेल तर शनिवार-रविवार संध्याकाळ सोडून बघा. शिफ्टमुळे तुमची सुट्टी गुरुवारी असेल तर तो तुमचा फायदाच आहे. त्याच सिनेमाचं सकाळचं तिकीट बरंच स्वस्त मिळतं.

दोन-तीन कार्डं असतील तर? गणित म्हणतं, ज्याचं व्याज जास्त ते आधी फेडा. पण डेव्हिड गॅल आणि ब्लेक मॅकशेन यांनी २०१२ मध्ये सुमारे ६,००० कर्जदारांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा खाती एकेक करून बंद करत जाणारे लोक पूर्ण कर्जमुक्त होण्याची शक्यता जास्त दिसली. आपल्याकडे कार्डांचे दर एकमेकांच्या जवळच असतात, त्यामुळे छोटं कार्ड आधी संपवण्यात फार तोटा नाही. संपलं की लगेच बंद करायला अर्ज द्या. थकबाकी नसेल तर बँकेने ते ७ कामकाजाच्या दिवसांत बंद करावं, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये तुम्हाला द्यावेत, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या निर्देशांत म्हटलं आहे.

कंपनीत कामगारांची पतसंस्था असेल तर तिचा दर विचारून घ्या. ४२ टक्क्यांचं कर्ज त्याहून कितीतरी कमी दराच्या कर्जाने फेडता आलं तर वरचे सगळे आकडे बदलतात. फक्त कार्ड रिकामं झाल्यावर ते पुन्हा भरायचं नाही, नाहीतर एकाची दोन कर्जं होतात.

आणि किमान रक्कमसुद्धा भरणं जमत नसेल, तर प्रश्न सिनेमाचा राहिलेलाच नाही. बँकेला लेखी कळवा आणि थकबाकीचे हप्ते करून मागा. मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या ॲपकडे मात्र वळू नका. बँकेने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, तिला पैसे पडत नाहीत.

शेवटचं, घरच्यांबद्दल. ‘सिनेमा बंद’ हा निर्णय बहुतेक घरांत एकच माणूस घेतो आणि बाकीचे तो सोसतात. त्याऐवजी रक्कम आणि तारीख सगळ्यांसमोर ठरवा, भिंतीवरच्या कालनिर्णयावर खूण करा. कुठला सिनेमा बघायचा ते पोरांना निवडू द्या. आज नाही, पण पंधरा तारखेला जायचंय, हे कळलं की पोरं हट्ट कमी करतात. मोठी माणसंही.