एका सोज्वळ शब्दाची फोड

जपानी भाषेंत ‘इआन्’ म्हणजे सांत्वन, श्रमपरिहार. त्यापुढें स्त्रीवाचक ‘फु’ जोडला कीं ‘इआन्फु’ हा समास होतो. व्याकरणदृष्ट्या तो निर्दोष आहे. परंतु विग्रह करूं जातां सांत्वन कोणाचें आणि कोणाच्या इच्छेनें, हे प्रश्न तो शिताफीनें गिळून टाकतो. सन १९३२ पासून १९४५ पर्यंत जपानी सैन्यानें ज्या घरांत परक्या मुलुखांतील स्त्रिया सैनिकांच्या उपभोगासाठीं कोंडून ठेविल्या, त्यांस ‘सांत्वनगृहें’ असें नांव होतें.

पहिलीं घरें शांघाय येथें निघालीं. १९३७ सालीं नानकिंग पडलें व तेथें स्त्रियांवर अनन्वित अत्याचार झाले. त्यानंतर हीं घरें झपाट्यानें वाढलीं. अत्याचारांस आळा बसावा आणि सैन्यांत गुप्तरोग पसरूं नयेत, हा हेतु सांगण्यांत आला. म्हणजे रस्त्यावरचा अपराध चार भिंतींआड नेऊन, वेळा व दर ठरवून, चालू ठेविला! लष्करी डॉक्टर ह्या स्त्रियांस नियमानें तपाशीत, तें सैनिकांच्या आरोग्यासाठीं. कोरियांतील कित्येक मुलींस कारखान्यांत काम देतों म्हणून फसवून नेलें. चीन व फिलिपाइन्समध्यें सरळ धरून नेलें. युद्ध संपतांना पुष्कळ कागद जाळले गेले, त्यामुळें इतिहासकारांचे अंदाज २०,००० पासून २,००,००० च्याहि वर जातात.

जावा बेटांत १९४४ सालीं कैदेच्या छावण्यांतून डच मुली नेल्या होत्या. त्याबद्दल १९४८ सालीं बटाविया येथील डच लष्करी न्यायालयानें शिक्षा केल्या, एका अधिकाऱ्यास देहान्ताचीहि. त्याच बेटावरील इंडोनेशियन स्त्रियांकडे मात्र त्या न्यायासनानें जवळजवळ पाहिलेंच नाहीं.

ज्या जिवंत परतल्या, त्या पुढें अर्धशतक गप्प राहिल्या. येथें एकट्या जपानास दोष देऊन भागत नाहीं. कुलाची अब्रू स्त्रीच्या देहांत ठेवणारीं घरें कोरियांतहि होतीं. आमच्या वाचक भगिनींस तीं अनोळखी वाटूं नयेत. परतलेल्या मुलीस ‘इतके दिवस कोठें होतीस?’ असें विचारणारे पुष्कळ होते. उत्तर ऐकून तिला जवळ करणारे किती असतील?

१९९० सालीं जपानी सरकारनें पार्लमेंटांत सांगितलें कीं, ह्या स्त्रियांस खासगी ठेकेदार घेऊन फिरत. १९२४ सालीं जन्मलेल्या किम हाक-सुन ह्या कोरियन विधवेस तें ऐकवेना. १४ ऑगस्ट १९९१ रोजीं सोल येथें, स्वतःच्या नांवानिशीं, त्यांनीं आपली कहाणी जगापुढें मांडली. पाठोपाठ फिलिपाइन्सच्या मारिया रोसा हेन्सन बोलल्या. जानेवारी १९९२ मध्यें प्राध्यापक योशिमी ह्यांनीं जपानच्याच संरक्षण खात्याच्या ग्रंथालयांत सांपडलेले लष्करी कागद प्रसिद्ध केले, आणि १९९३ सालीं मंत्री कोनो ह्यांनीं सैन्याचा संबंध मान्य करून क्षमा मागितली. परंतु १९९५ सालच्या निधींतून द्यावयाची भरपाई लोकांच्या देणग्यांतली होती. ‘ही दया नको, सरकारनें जबाबदारी घ्यावी’ असें म्हणून कित्येक वृद्धांनीं ती नाकारली. हातीं पैसा नसतां नाकारली, हें विसरूं नये.

किमबाई डिसेंबर १९९७ मध्यें वारल्या. सोल येथील जपानी वकिलातीसमोर ८ जानेवारी १९९२ पासून बुधवारची निदर्शनें सुरू झालीं. १४ डिसेंबर २०११ रोजीं हजारावें निदर्शन झालें, तेव्हां तेथें अनवाणी मुलीचा पुतळा बसविला. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी आहे. ह्या स्त्रियांस कोरियांतील लोक ‘हाल्मोनी’ म्हणून हांक मारतात. त्याचा अर्थ आजी.