नियम रोज बदलतायत, मग ट्रेनिंग कशाचं द्यायचं?

आजचा प्रश्न असा: प्रॉडक्ट नवीन, प्रोसिजर अजून ठरतेय, आणि स्टाफला उद्याच लोकांसमोर बसायचंय. शिकवायचं काय?

मी सॉफ्टवेअरवाला, पण उदाहरण कोविड लसीकरणाचं घेतो. १६ जानेवारी २०२१ ला ते देशभर सुरू झालं. लस नवीन, कोविन ॲपही नवीन. २ जानेवारीला राज्याराज्यांत ड्राय रन झाला होता. म्हणजे नोंदणी, रांग, ॲपमधली एन्ट्री, सगळं करून पाहायचं. फक्त लस टोचायची नाही. तरी पहिल्या दिवशी कोविनने त्रास दिलाच.

पुढे नियमच बदलत गेले. कोविशील्डच्या दोन डोसमधलं अंतर आधी ४ ते ६ आठवडे होतं. मार्चमध्ये ते ४ ते ८ झालं, मेमध्ये थेट १२ ते १६. मेमध्येच ऑनलाइन बुकिंगवाल्यांसाठी चार अंकी कोडही आला.

आता समजा, एक आजी रिक्षा करून दुसऱ्या डोसला आल्या आणि नियम कालच बदललाय. ‘परत जा’ हे सांगायचं नर्सताईंनी, आणि बोलणीही त्यांनीच खायची.

म्हणून मी ट्रेनिंगचे दोन ढीग करतो.

पहिला, पक्कं. डोस अर्धा मिली, दंडात. त्यानंतर अर्धा तास बसवून ठेवायचं. हे तेव्हा महिनोन्महिने बदललं नाही. अशा गोष्टी हाताला सवय होईपर्यंत करून घ्यायच्या.

दुसरा, कच्चं. अंतर किती, कोणाला लस द्यायची, ॲपमध्ये कुठे क्लिक करायचं. हे पाठ करून घेऊच नका! कारण पाठ केलेलं विसरायला जास्त वेळ लागतो. त्यापेक्षा ‘कुठे बघायचं’ ते शिकवा. एकच कागद, वर ठळक तारीख. नवीन लागला की जुना फाडायचा. व्हॉट्सॲपवर फिरणारी जुनी पीडीएफ सगळ्यात घातक, कारण ती खरीच असते, फक्त मागच्या महिन्यातली.

अजून एक. ‘मला माहीत नाही, दोन मिनिटं थांबा, विचारून सांगते’ हे वाक्यसुद्धा ट्रेनिंगमध्ये बोलून घ्या, आणि विचारायचं कोणाला त्याचा नंबर त्याच कागदावर लिहा. नाहीतर माणूस अंदाजाने उत्तर देतो.

आणि काउंटरवर काय अडलं ते रोज संध्याकाळी विचारा. पुढची प्रोसिजर तिथूनच तयार होते. चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!