रक्ताची चिठ्ठी ठीक, पण बिल्ला कुठे आहे?

तुमच्या गावचं एखादं पोरगं तारापूरच्या अणुवीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला असेल, नाहीतर दवाखान्यात एक्स-रे खोलीत मदतनीस असेल. सणाला घरी आलं की आई विचारते, "रक्त तपासलं का रे?" पोरगं चिठ्ठी दाखवतं, सगळं नॉर्मल. घर निश्चिंत होतं. पण ही चिठ्ठी सांगते किती, ते आधी पाहा.

रक्त तयार होतं हाडांतल्या मगजात. किरणांचा मोठा मारा बसला की मगज कोलमडतो. पांढऱ्या पेशींपैकी लिंफोसाइट पहिल्या दोन दिवसांतच घटतात. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, त्यांची घट उशिरा कळते. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात विद्यापीठाचं जुनं यंत्र विकलं गेलं. त्यातलं कोबाल्ट-६० हाताळणारे आजारी पडले, एकजण दगावला.

पण ती झाली मोठ्या माऱ्याची गोष्ट. किरणांची मात्रा मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. आपल्याकडे कामगाराला पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० आणि कोणत्याही एका वर्षात ३० ही मर्यादा आहे. रक्ताच्या साध्या मोजणीत फरक दिसतो तो एकदम काही शे मिलिसिव्हर्ट बसल्यावर. म्हणजे मर्यादेच्या दुप्पट मात्रा बसली तरी चिठ्ठी नॉर्मलच येणार! आणि थोडी थोडी मात्रा साठत गेली तर पुढे कित्येक वर्षांनी कर्करोगाचा धोका वाढू शकतो. मर्यादा घातली आहे ती त्यासाठीच.

उलटंही होतं. हिमोग्लोबिन कमी आलं की "किरणं लागली" म्हणून गावभर बोभाटा. अहो, लोह कमी, पोटात जंत, हिवताप, आपल्या आदिवासी पाड्यांवरचा सिकलसेल, कारणं कितीतरी. म्हणून कामावर जाण्यापूर्वीची चिठ्ठी जपून ठेवा. पुढची तिच्याशी ताडून पाहता येते.

खरा हिशेब ठेवतो तो छातीवरचा टीएलडी बिल्ला. आतल्या चकत्यांत किरणांची नोंद साठते, ठराविक मुदतीनं ती वाचली जाते. बिल्ला किरणं अडवत नाही, फक्त मोजतो. तो खुंटीला आणि माणूस कामावर, असं झालं की नोंद कोरी. दुसऱ्याचा लावला तर दोघांचाही हिशेब चुकला. एक्स-रे खोलीत शिशाच्या एप्रनच्या आत लावायचा.

२००४ च्या नियमांत कामावर घेताना आणि पुढे निदान तीन वर्षांतून एकदा वैद्यकीय तपासणी सांगितली आहे. तेव्हा पोराला विचारा, बिल्ल्यावर मात्रा किती आली? काम सोडताना तो आकडा लेखी मागून घ्यायला सांगा, ठेकेदार बदलला की कागद शोधत बसावं लागतं. आणि सरपंच, ग्रामसेवक मंडळी, अशा कामाला १८ च्या आतलं पोर चालत नाही. वयाचा दाखला देताना जन्मनोंदीचं रजिस्टर उघडून पाहा, कुणाच्या भिडेखातर सही करू नका.