पदवीदानाच्या पडद्यामागे

पदवीदान समारंभात पाहुण्यांस झग्यांची मिरवणूक दिसते, टाळ्या ऐकू येतात. दोन तासांच्या या सोहळ्यामागे कित्येक आठवड्यांचे काम असते. त्याचा आरंभ मात्र मंडपापासून नव्हे, तर विद्यार्थ्याच्या नावापासून होतो.

पेडणे तालुक्यातील हळर्ण गावची एखादी मुलगी विर्नोड्याच्या सरकारी महाविद्यालयातून उत्तीर्ण झाली असे समजा. समारंभ महाविद्यालयानेही करावा, परंतु पदवी देण्याचा अधिकार १९८५ साली स्थापन झालेल्या गोवा विद्यापीठाचा. १९६२ साली मुक्त गोव्यात पहिली महाविद्यालये निघाली, तेव्हा तो मुंबई विद्यापीठाकडे होता. त्याच विद्यापीठाचे न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर हे १८६२ सालचे पहिले पदवीधर होत.

पात्र विद्यार्थ्यांची यादी तयार झाली की तीतील नावे तपासली जातात. गोव्यात हे काम जिकिरीचे आहे. पोर्तुगीज दप्तरात ‘कामत’चे ‘कामोतीम’ झाले, ‘शेणवी’चे ‘सिनाय’ झाले. एकाच घरात आजोबांचे आडनाव एक, नातीचे दुसरे, असे घडते. जन्मदाखल्यावरील नाव व पदवीपत्रावरील नाव जुळले नाही, तर नोकरीच्या वा पारपत्राच्या वेळी कचेऱ्यांचे हेलपाटे आलेच. गोव्यात नाव बदलण्यासाठी १९९० चा स्वतंत्र कायदा आहे, यावरून प्रश्नाचे गांभीर्य ध्यानी यावे.

त्यानंतर क्रम लावावयाचा. यादी, खुर्च्या आणि पदवीपत्रांची चळत या तिन्हींचा क्रम एकच हवा. एक विद्यार्थी गैरहजर राहिला तरी पुढील प्रत्येकाच्या हाती दुसऱ्याचेच पदवीपत्र पडावयाचे! यावर साधा उपाय असा, की प्रत्येकाजवळ नावाची चिठ्ठी द्यावी आणि ती पाहूनच व्यासपीठावरून नाव पुकारावे. आदल्या दिवशीची तालीम याचसाठी असते.

हातमागाच्या वस्त्राचे झगे वापरावेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली विद्यापीठांस सुचविले. त्यांचीही जमवाजमव आधीच करावी लागते.

तथापि झगा परत करावयाचा असतो. नाव जन्माचे सोबती. ते पदवीपत्रावर येते शालान्त प्रमाणपत्रावरून, आणि त्या प्रमाणपत्रावर येते शाळेच्या प्रवेश-नोंदवहीतून. म्हणजे हळर्णच्या मुलीच्या पदवीदानाची पहिली तयारी ती शाळेत पाऊल टाकते त्या दिवशीच होते. म्हणून पालकांस एवढीच विनंती, की प्रवेशाच्या वेळी जन्मदाखला सोबत न्यावा आणि वहीतील नाव अक्षरन्अक्षर वाचल्यावाचून सही करू नये.